इस्तंबूल परवडेना

इस्तंबूलचा विमानतळ मला तोंडपाठ आहे. ह्यूस्टनहून मुंबईला जाताना दहा-बारा वर्षं आम्ही तिथेच विमान बदललं. शहर मात्र एकदाही पाहिलं नाही. पुण्यात आई अंथरुणाला खिळलेली. तिच्याजवळचा एक दिवस कमी करून मध्येच कोण उतरणार? बायको काचेला नाक लावून बाहेर बघायची आणि म्हणायची, "एकदा या काचेपलीकडे जायचंय मला." मी म्हणायचो, "जाऊ गं," आणि पुढच्या गेटकडे पळायचो.

गेल्या वर्षी आई गेली. या उन्हाळ्यात बायकोने विषय काढला. ऑक्टोबरात दहा दिवस, फक्त इस्तंबूल, पुढे कुठेही नाही. डिसेंबरात तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि ते शहर म्हणजे नुसते चढ आणि पायऱ्या. "गुडघे अजून ऐकतायत तोवर नेता का?" असं तिने विचारलं. एरवी ती असं विचारत नाही, सरळ सांगते.

खर्चाचा अंदाज काढणं माझ्याकडे आलं. पाइपलाइनला किती खर्च येईल ते सांगण्यात माझा जन्म गेला, दहा दिवसांची सहल म्हणजे किस झाड की पत्ती! पण जमेना. तिथलं चलन, लिरा, रोज घसरायचं आणि हॉटेलं रोज महागायची. म्युझियमची तिकिटं परदेशी माणसाला युरोत. होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर राहिलं तर स्वस्त, पण मग रोजचं येणं-जाणं आणि तिचे गुडघे. मी आकडा बदलायचो, उठायचो, गराजमध्ये जाऊन उगाच काहीतरी हलवून यायचो, पुन्हा बसायचो. बाहेर फिरायला जावं तर ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडच्या दमट हवेत दारातच चष्म्यावर वाफ धरायची. एका जागी बूड टिकत नव्हतं. काहीही केलं तरी बेरीज आमच्या ऐपतीबाहेर जात होती, आणि खरं सांगायचं तर मला त्यात थोडं बरंही वाटत होतं.

कॅलिफोर्नियातून मुलीचा फोन आला. "बाबा, इट्स अ व्हेकेशन, नॉट अ रिफायनरी. जस्ट बुक इट!" मी तिच्यावर खेकसलो. मग बायकोला सांगून टाकलं, "यंदा कॅन्सल करू या. परवडत नाही."

"प्रिंट काढून द्या," ती म्हणाली. स्क्रीनवरचं तिला कधीच खरं वाटत नाही.

दोन पानं निघाली. ती पेन्सिल घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. पहिलं पान झालं, दुसरं उलटलं आणि ती हसायला लागली. "अहो, इस्तंबूलमध्ये आपल्याला ओळखतं कोण? मग हे बदाम, चॉकलेटं आणि व्हिटॅमिनच्या बाटल्या कुणाला वाटायच्या?"

मी कागद हिसकावला. नवीन तक्ता कोण मांडणार, म्हणून मी दरवर्षीच्या पुण्याच्या खर्चाची फाइलच कॉपी केली होती. वरच्या ओळी बदलल्या, खालच्या तशाच राहिल्या आणि बेरजेत येत गेल्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अंदाज तपासले, आणि ही चूक शिकाऊ पोरालाही शोभली नसती.

तिचं हसू मात्र थांबलं होतं. भेटवस्तूंच्या खाली आणखी ओळी होत्या. आईची औषधं. दिवसाची बाई. रात्रीची बाई. हवेच्या गादीचं भाडं.

"चुकून राहिलं," मी म्हणालो.

"महिनाभर रोज ही फाइल उघडताय तुम्ही."

मला राग आला. "मग जायलाच नको कुठे! आहेच काय तिथे?"

ती ओरडली नाही. "त्यांच्यासाठी माझी प्रत्येक सुट्टी पुण्यात गेली. त्याचं मला वाईट वाटत नाही, मी ते मनापासून केलं. पण आता त्या नाहीत. हे तुम्ही कबूल केल्याशिवाय मी कुठे जाणार?" आणि तिने पेन्सिल माझ्यापुढे सरकवली.

भेटवस्तूंची ओळ मी सहज खोडली. हवेची गादीही गेली. दोन्ही बायांच्या ओळींपाशी जरा थांबलो, कारण रात्रीची बाई शेवटच्या दिवशी आईचा हात धरून बसली होती आणि मी तेव्हा विमानात होतो. 'आईची औषधं' खोडायला मला बराच वेळ लागला. बायको समोर बसून राहिली. मदत केली नाही आणि घाईही केली नाही.

बेरीज निम्म्यावर आली. चांगलं हॉटेल, पायऱ्या टाळायला टॅक्सी, सगळं सहज बसत होतं. आई नाही म्हणून इस्तंबूल परवडत होतं. त्या स्वस्ताईचा मला इतका संताप आला की तिकिटं काढताना कार्डाचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्या वेळी तो बायकोने वाचून दाखवला, एकेक आकडा, सावकाश.