परसदारानं गोल करायला शिकवणाऱ्या मीनलताई

मीनलताईंची नि माझी पहिली गाठ पडली अमेरिकेत नोव्हाय गावी, मंडळाच्या गणपतीत, तीही पार्किंग लॉटमध्ये. त्यांच्या गाडीची डिकी लांब दांड्यांनी भरलेली, प्रत्येकाच्या टोकाला जाळी. मी तेव्हा निवृत्त होऊन नुकताच मुलाकडे आलो होतो. राहवलं नाही. म्हटलं, "बाई, ही जाळी कुणी विणली? यापेक्षा आमच्या गावची बाज बरी!"

"ओके काका, मग तुम्ही फिक्स करून दाखवा!"

त्या आठवड्यापासून मी त्यांच्या कॉलेजच्या स्टोअररूममध्ये जाळ्या विणायला जाऊ लागलो. पुस्तकात न शिकलेली विद्या परदेशात कामी आली.

लॅक्रॉस नावाच्या इथल्या खेळात त्या जाळीनं चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोलात मारायचा. ताई मुलींच्या टीमच्या आक्रमणाच्या कोच. या खेळात गोलच्या मागंही मोकळं मैदान असतं. मुली समोरच धडका मारू लागल्या की मी ताईंना म्हणायचो, "पुढच्या दारी गर्दी असली की शहाणा माणूस परसदारानं येतो." ताईंनी ते उचललं. अमेरिकन पोरी मैदानात "परसदार! परसदार!" ओरडताना मी या कानांनी ऐकल्या आहेत. सरावात ताईंचा नियम एकच. सगळ्यांच्या जाळीतून चेंडू फिरल्याशिवाय गोलात मारायचा नाही. एकटीनं खाल्लेला घास अंगी लागत नाही, हे इथं जन्मलेल्या बाईंना कुणी शिकवलं, देव जाणे.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ताईंनी ती सांगू नका म्हणून बजावलं होतं.

हंगामाची शेवटची मॅच होती. हेड कोचची जागा रिकामी होणार होती आणि ती ताईंना मिळणार, असं सगळेच धरून चालले होते. जाळीत चेंडू ठेवला की तो कडेच्या वर दिसायलाच हवा, असा कायदा आहे. सकाळी ताईंनी एकेक स्टिक तपासली. त्यानंतर एक खेळाडू माझ्याकडे आली, "अंकल, थोडी डीप करा ना, प्लीज." मी दोरी सैल केली आणि ताईंना सांगायचं विसरलो. शेवटच्या मिनिटाला त्याच मुलीनं गोल केला. समोरच्या टीमनं तपासणी मागितली. चेंडू जाळीत पार बुडाला. गोल रद्द झाला आणि मॅच गेली. मी लगेच ताईंना दोरीचं सांगून टाकलं.

खेळ विभागाच्या प्रमुखांनी विचारलं, "स्टिक्स शेवटी कुणी तपासल्या?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "मी."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"काका, तुमचं नाव घेतलं तर ते तुम्हाला उद्यापासून आत सोडणार नाहीत. मला दुसरा चान्स मिळेल, यार."

तो मिळाला नाही. जागा दुसऱ्याला गेली. त्याच्या हाताखाली ताई आजही तितक्याच उमेदीनं शिकवतात. आपल्या मंडळीतही कुणी हळूच म्हणतं, "चांगल्या आहेत हो, पण ऐन वेळी गाफील राहिल्या." ते ऐकून इतकी वर्षं मी मान खाली घातली. आज सर्वांसमक्ष लिहितो, ताई गाफील नव्हत्या. ती दोरी मी सैल केली होती.

हे वाचून ताई माझ्यावर रागावणार, हे नक्की. तो राग पुरवून पुरवून काढायला त्यांना ठणठणीत प्रकृतीची शंभर वर्षं मिळोत, आणि ऐकून घ्यायला मलाही त्यातली थोडी लाभोत.