जर्मन अण्णांचं ‘आमच्या तिथं’

जर्मन अण्णा कधी जर्मनीला गेले नव्हते. बिदर जिल्ह्यातली भालकी सोडून ते गेले ते हैदराबादपर्यंत, तेही तरुणपणी. तरीही जर्मनीतल्या एका नाट्यविद्यापीठाविषयी बोलताना ते ‘आमच्या तिथं’ असंच म्हणायचे. “आमच्या तिथं मार्कं कोण इचारतंय? आमच्या तिथं माणूस बघत्यात.” धान्यबाजारातले, म्हणजे गंजातले अडते त्यांना मुद्दाम थांबवून विचारायचे, “अण्णा, तुमच्या तिथं तुरीला काय भाव लागलाय?” अण्णा चिडत नसत. “भाव न्हाई ठाऊक. पर तुमच्यासारख्या सोंगाला तिथं फुकट शिकवत्यात,” म्हणत पुढं जायचे.

त्यांचं दुकान नाटकाच्या ड्रेपरीचं. मखमली अंगरखे, मुकुट, पत्र्याच्या तलवारी. यात्रेच्या नाटकांसाठी मराठी आणि कन्नड, दोन्हीकडची मंडळी ते सामान भाड्यानं न्यायची. संध्याकाळी दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अण्णा आम्हा पोरांना नाटक शिकवायचे. हैदराबादच्या एका शिबिरात त्यांना एक जर्मन बाई शिकवायला होत्या. त्यांनी आपल्या विद्यापीठाबद्दल भरभरून सांगितलं आणि तू प्रवेशाच्या चाचणीला ये म्हणाल्या. पण त्याच सुमारास अण्णांची आई अंथरुणाला खिळली. अण्णा गेले नाहीत. पुढं वय निघून गेलं.

त्या बाईंनी जे सांगितलं ते मात्र अण्णांनी जपून ठेवलं होतं. एका नाटकमंडळीला जोडलेली छोटी अभिनयशाळा, मग लढाई, मग देशाचे दोन तुकडे, आणि या सगळ्यात न थांबलेली शिकवणी. “लढाईत छप्पर गेलं तर कोट घालून शिकली ती पोरं. तुम्हाला पंखा बंद पडला की रडू यायलंय.” मग तिथं दिग्दर्शन आलं, बाहुल्यांचा विभाग आला, नाच आला, आणि शाळेचं विद्यापीठ झालं. बाहुल्यांच्या विभागाचं त्यांना भारी कौतुक. “बाहुली हलवायला चार वर्षं, लेकानो. तुम्ही चार दिवसांत राजा व्हायलात.” आम्हा प्रत्येकाला त्यांनी एकेक विभाग वाटून दिला होता. माझा अभिनय पाहून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “तू तिकिटाच्या खिडकीत बस. तसला विभाग न्हाई तिथं, पर तू बस.”

मी खरोखरच हिशेबी निघालो. बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात लागलो. तिथं जर्मनीचं पॅकिंगचं मशीन आलं आणि ते शिकायला कंपनीनं मला तिकडं पाठवलं. अण्णांनी बिदरच्या स्टँडवर येऊन एवढंच मागितलं: “एकदा आत जाऊन ये. बाकी काय आणू नको.” विद्यापीठ माझ्या मुक्कामापासून रेल्वेनं दोन-अडीच तासांवर होतं. पहिला रविवार मी झोपून काढला. पुढचा मेव्हण्यासाठी बूट आणि पोरांसाठी चॉकलेटं घेण्यात गेला. शेवटच्या रविवारी पाऊस होता. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

परत आल्यावर अण्णा दुकान अर्धं बंद करून माझ्यासमोर बसले. “आत पाय टाकल्यावर पहिल्यांदा काय दिसलं?” मला ‘गेलो नाही’ म्हणवेना. कोपऱ्यात केरसुणी होती, तिच्यावर माझी नजर गेली. “पोरं स्टेज झाडायलती, अण्णा. मास्तर लोकबी. झाडून झाल्याबिगर कुणी बोलत न्हाई तिथं.”

अण्णांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पुन्हा पाहिला नाही. दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये तालमीआधी झाडणं सुरू झालं. पहिली केरसुणी अण्णांच्या हातात. गुडघे दुखायचे, तरी वाकायचे. एका बाईंनी आमची पोरगी काय झाडायला पाठवली का म्हणून भांडण काढलं आणि पोरीला घेऊन गेल्या. अण्णांनी त्यांना समजावलं, “जर्मनीत प्रोफेसर झाडत्यात, अक्का. आपला माणूस डोळ्यांनी बघून आलाय.”

असं काही वर्षं चाललं. एका संध्याकाळी गेलो तर अण्णा एका हातानं भिंत धरून झाडत होते, दम लागला होता. मला ते बघवेना. पोरं गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. सांगताना छातीवरचं ओझं उतरत होतं, हे मला चांगलं आठवतं. अण्णा मखमलीच्या अंगरख्याची घडी घालत होते. घडी पूर्ण केली आणि म्हणाले, “कामून सांगितलास?”

मी म्हणालो, चुकलो, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललो.

“खोटं कामून सांगितलास ते न्हाई इचारत. आता कामून सांगितलास?”

त्यानंतर अण्णांनी झाडणं थांबवलं नाही. स्टेज घाण होतंच की, म्हणायचे. पण ‘आमच्या तिथं’ हे शब्द त्यांच्या तोंडून कायमचे गेले. अडत्यांनी तुरीचा भाव विचारला तर नुसतं हसून पुढं जात. माझ्या एका खोट्यानं त्यांनी स्वतः ऐकलेलं, जपलेलं खरंही त्यांच्याच मनात संशयाचं झालं असावं. त्या जर्मन बाईंनंतर इतक्या वर्षांत तिकडून त्यांना भेटलेला दुसरा साक्षीदार मीच होतो, आणि तो असला निघाला.

रेणुका ही त्यांची शेवटच्या काळातली शिष्या. बाहुल्यांत तिचा हात असा की जुन्या कपड्याचा बोळा तिच्या बोटांत श्वास घेऊ लागे. अण्णा अंथरुणावर होते तेव्हा ती मोबाइल घेऊन आली. त्याच विद्यापीठाचे अर्ज निघाले होते, बाहुल्यांचा विभागही होता. मी उशाशीच बसलो होतो. ती म्हणाली, “अण्णा, तिथं कसं असतंय, सांगा की. मी भरू का अर्ज?”

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून त्या माणसानं आयुष्यभर शेड चालवली होती. पूर्वीचे अण्णा असते तर उठून बसले असते. ते आढ्याकडे बघत म्हणाले, “मला काय ठाऊक न्हाई, बाई. मी कुठं बघितलंय?” रेणुकानं माझ्याकडे पाहिलं; मी तिथं जाऊन आलोय असंच ती समजत होती. मी पाण्याचा तांब्या उचलून भरून आणायला गेलो.

तिनं अर्ज भरला नाही. त्या पावसाळ्यात अण्णा गेले. शेड आता तीच चालवते, दिवसा एका शाळेत शिकवते. परवा तिच्याकडे चहाला बसलो होतो. बोलता बोलता ती अगदी साधेपणानं म्हणाली, “अण्णाला मी त्या लायकीची वाटले न्हाई, काका. वाटले असते तर बोलले असते की त्यांनी.” मी कप खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि साखर बरोबर झालीय म्हणालो.

तोंडानं जमलं नाही म्हणून लिहितो आहे. एकदा मी माझं ओझं उतरवायला खरं बोललो आणि अण्णांना गप्प केलं. या वेळी माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी सांगतोय; ओझं माझ्याकडेच राहू दे. रेणुका, अण्णा तुझ्यामुळं गप्प नव्हते, माझ्यामुळं होते. तुझ्या बोटांविषयी ते मला काय म्हणाले होते, ते भेटून सांगेन. आणि ते अर्ज दरवर्षी निघतात.