ब्रेक नसलेली सीट

नवख्या माणसाने ‘काळी तुकडी’ खेळायला घ्यावी का? हा प्रश्न कोणा शहाण्याला विचारा, मला नको. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फोन उचलणारी बाई. गुडघे कुरकुरतात, आणि टीव्हीत बंदूक वाजली तरी मी आवाज कमी करते. पण गेल्या वर्षी आमच्या मास्तरने हाच प्रश्न विचारून विचारून सगळ्यांचं डोकं पिकवलं होतं, आणि शेवटी उत्तर काय निघालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सांगते.

मास्तर म्हणजे माझा धाकटा भाऊ. अर्ध्या शहराला गाडी त्यानेच शिकवली, त्यामुळे त्याचं खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलंय. आमच्या शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मास्तर पाय दाबतो, गाडी जागच्या जागी थांबते, आणि मास्तर म्हणतो, “पुन्हा.” शाबासकी त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकली नाही. फारच झकास चालवलीत तर “हं.” इतकी वर्षं तो ब्रेक दाबून त्याच्या उजव्या पायाला स्वतंत्र डोकं फुटलंय. बातम्यांमध्ये गाडी दिसली तरी पाय जमिनीवर आपटतो. डावी चप्पल धडधाकट आणि उजवीला भोक, असा हा माणूस रस्त्याने चालतो.

त्याला एकच पोरगी. तिची आई लवकर गेली, तेव्हा तिला आम्ही दोघांनी वाढवलं. म्हणजे वाढवलं मी, याने ब्रेक दाबले. सायकल हळू, जिना हळू, पाण्यात फक्त घोट्यापर्यंत. पोरगी बापासारखीच हट्टी निघाली. मोठी झाल्यावर नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तिथेच दुसऱ्या कुणाकडून गाडी शिकली, स्वतःच्या पगारातून गाडी घेतली आणि मोठ्या हौसेने बापाला दाखवायला घेऊन आली.

“बसा बाबा, एक चक्कर मारू,” म्हणाली. मी मागे बसले, मास्तर तिच्या शेजारी. बाजाराच्या चौकापर्यंत त्याने इतक्या वेळा पाय आपटला की पायाखालची नवी चटई गोळा झाली. पोरगी दातओठ खात चालवत होती. चौकात एक हातगाडीवाला येत होता. लांबून येत होता हो, चांगला लांबून! आणि मास्तर ओरडला, “ब्रेक!” ती दचकली, तिने कचकन ब्रेक मारला, आणि मागच्या टेम्पोने आमची डिकी आत घातली. आता तरी माणसाने तोंड आवरावं की नाही? हा खाली उतरला आणि भर चौकात, जमलेल्या गर्दीसमोर म्हणाला, “तुला गाडी येत नाही.”

“तुमच्यामुळे धडकली,” पोरगी म्हणाली. बस. आम्हाला दारात सोडलं आणि आल्या पावली परत गेली. त्या दिवसापासून तिने बापाचा फोन उचलला नाही. मला मात्र आठवड्यातून दोनदा फोन करायची. बापाचा विषय निघाला की म्हणायची, “आत्या, दुसरं बोल.” आणि हा दीडशहाणा म्हणायचा, “येईल, जाईल कुठे?” सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा.

पण ती खरंच निघाली. समुद्रापलीकडे नोकरी मिळाली, किमान तीन वर्षांसाठी, निघायला दीड-दोन महिने. मला फोनवर सांगितलं, बापाला नाही. मी मास्तरला सांगितलं तेव्हा तो “हं” म्हणाला, बाहेर गेला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत गाडीची एकच काच पुसत राहिला. मला इतका राग आला होता त्याचा, आणि तितकंच वाईटही वाटलं. मूर्ख माणसाची बहीण होणं सोपं नसतं.

त्याच आठवड्यात पोरगी मला म्हणाली, “आत्या, रविवारी दुपारी फोन नको करूस, मी तुकडीत असते.” मला वाटलं, पोर सैन्यात गेली की काय! मग तिने सांगितलं, तो टीव्हीवर खेळायचा खेळ असतो. ‘काळी तुकडी’, नऊ भाग निघालेत. चौघांनी आपापल्या घरी बसून एकत्र खेळायचं, जीपमधून हिंडायचं, समोरच्यांना गोळ्या घालायच्या आणि सगळा वेळ गप्पा हाणायच्या. मी ही गंमत म्हणून मास्तरला सांगायला गेले, तर तो काच पुसायचा थांबला.

“त्यात बोलतात? एकमेकांचं ऐकू येतं?”

झालं. दुसऱ्या दिवसापासून दार उघडून जो आत येईल त्याला मास्तर विचारायला लागला, “नवख्या माणसाने हा खेळ खेळावा का?”

आमच्याकडे एक दातांचा डॉक्टर गाडी शिकत होता. दुसऱ्याच्या तोंडात पक्कड घालताना ज्याचा हात हलत नाही, त्याला गाडी मागे घेताना घाम फुटायचा. त्याच्याकडे या खेळाचे नऊच्या नऊ भाग होते. तो म्हणाला, “अवश्य खेळा, पण पहिल्या भागापासून. नाहीतर कथा कळणार नाही.”

“कथा काय आहे?” मी विचारलं.

“एक वाईट माणूस असतो, त्याला मारायचं. दुसऱ्या भागात कळतं की तो वाईट नव्हता, त्याचा साहेब वाईट होता. तिसऱ्या भागात साहेबाचा साहेब.”

“म्हणजे ऑफिसच की!” मी म्हटलं. “मग ते वेगळं कशाला खेळायचं?”

समोरचा झेरॉक्सवाला अगदी उलट. “मास्तर, या वयात नसत्या फंदात पडू नका. तिथे शाळकरी पोरं असतात. दिसलात की उडवतात, वर मेलेल्या अंगावर उड्या मारतात. मी एकदा खेळलो, आठवडाभर जेवण गेलं नाही.” याचं पोट बघितलं तर तो आठवडा कधीच भरून निघाला असावा.

मास्तरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पोरगी कितवा खेळते? नववा ना? मग नववाच.” कथेची तिथेच वाट लागली.

डॉक्टरने त्याचं खेळायचं जुनं यंत्र आणून दिलं. आमच्या वर्गात रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आहे आणि शेजारी एक टीव्ही, नियमांची फिल्म दाखवायला. त्यालाच ते जोडलं. खेळात नाव द्यावं लागतं. मी ‘नवशिक्या’ दिलं. मग मी पोरीला फोन केला. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, पण त्या दिवशी लपवलं. म्हटलं, “आमच्याकडे गाडी शिकायला येणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, एकटे असतात, त्यांना तुमच्या तुकडीत घ्या. फार बुजरे आहेत, बोलणार नाहीत.”

“आत्या, तुझे एकेक नमुने!” ती म्हणाली. पण हो म्हणाली.

आता मास्तरचा पराक्रम ऐका. त्या खेळाचं रिमोट दोन्ही हातांनी धरायचं असतं. जीपमध्ये बसलं की डाव्या बोटाखाली ब्रेक, उजव्या बोटाखाली रेस. हे त्याला एका मिनिटात जमलं. पण जीपमधून उतरलं की तेच उजवं बटण गोळी झाडतं आणि डावं नुसतं नेम धरतं. आणि संकट दिसलं की मास्तर काय दाबणार? ब्रेक! समोरून शत्रू धावत आला की आमचा शिपाई बंदूक डोळ्याला लावायचा आणि त्याच्याकडे निरखून बघत उभा राहायचा. गोळी झाडायचं नाव नाही. शत्रूही बिचारा क्षणभर गोंधळायचा आणि मग याला उडवायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मास्तर दर दोन मिनिटांनी मरत होता, तरी जात नव्हती.

पण पहिल्या रविवारी टीव्हीतून पोरीचा आवाज आला, “या नवशिक्या, घाबरू नका, माझ्या मागे राहा,” आणि मास्तर बटणं दाबायचाच विसरला. कितीतरी महिन्यांनी तो आवाज ऐकत होता. माइक शेजारी टेबलावर पडला होता. मी खुणेने म्हटलं, लाव. त्याने मान हलवली. “आवाज ओळखला तर निघून जाईल ती, ताई.” सगळ्या शहराला ओरडणारा हा माणूस पोरीला इतका घाबरत होता, हे मला तेव्हा कळलं.

खेळातल्या जीपपाशी पोचल्यावर मास्तर लगेच आत बसला नाही. जीपला एक चक्कर मारली, चारही चाकं पाहिली, वाकून खाली पाहिलं. वर गोळ्यांचा पाऊस, आणि हा वाकून बघतोय! शेवटी बसला. चालवायला पोरगी, शेजारी हा.

त्यानंतर दर रविवारी हेच. ती जीप पळवायची, वाळूतून, पडक्या घरांमधून, जळणाऱ्या पुलावरून. सोबतचे दोघे मित्र ओरडायचे, “अगं, मरू आपण!” आणि ती हसायची. ते हसू ऐकायला हा आठवडाभर जगायचा. पण इकडे वर्गात प्रत्येक वळणाला त्याचा उजवा पाय धाडकन जमिनीवर. तिसऱ्या रविवारी खालच्या मजल्यावरचा शिंपी विचारायला आला, काय ठोकताय म्हणून.

मी वैतागले. “अरे गाढवा, तिच्या जीपला तुझा पाय पोचतो का? तू इथे आपटून तिथे काय थांबणार आहे?”

तो नुसता पायाकडे बघत राहिला. पुढच्या रविवारी त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि खुर्चीवर मांडी घालून बसला. दोन्ही पाय स्वतःच्या वजनाखाली दाबून. पुलावर जीप उडाली तेव्हा त्याचे डोळे गच्च मिटले, पण मांडी सुटली नाही. जीप पलीकडे चारही चाकांवर नीट उतरली. “बघ,” मी म्हटलं. “हं,” तो म्हणाला.

शेवटचा रविवार आला. खेळ संपला, दोघे मित्र तिला शुभेच्छा देऊन गेले. पडद्यावर एका टेकडीवर जीप उभी, आत फक्त ती आणि नवशिक्या. मला वाटलं, आता तीही जाईल. मास्तर रिमोट धरून बसला होता, ठेवतही नव्हता आणि काही दाबतही नव्हता.

“बाबा, माइक लावा,” टीव्हीतून आवाज आला.

मास्तरने माझ्याकडे असं पाहिलं की मी कानावर हात ठेवले. मी नव्हतं सांगितलं हो! खरंच नव्हतं.

“आत्याला रागावू नका. मला पहिल्याच रविवारी कळलं. वरून गोळ्या सुटतायत आणि एक शिपाई जीपची चाकं तपासतोय. असा नमुना जगात एकच आहे.” मग ती म्हणाली, “तुम्ही मला एकदाही थांबवलं नाहीत. मी मुद्दाम पुलावरून नेत होते.”

मास्तरला माइक लावता येईना, वायर उलटी घालत होता. मी हिसकावून घेतला आणि लावून दिला. नुसता त्याच्या श्वासाचा आवाज तिकडे जात असणार.

“मंगळवारी विमान आहे,” ती म्हणाली. “आधी घरी येते, तिथून विमानतळावर जाऊ. गाडी मी चालवणार. याल सोडायला?”

“येतो,” मास्तर म्हणाला. मग घसा खाकरून, “मी मागे बसतो.”

“मागे आत्या बसेल. तुम्ही पुढे.”

मंगळवारी ती आली. डिकी दुरुस्त केलेली, पण रंग किंचित वेगळा दिसत होता. मास्तरने गाडीला एक चक्कर मारली, चाकं पाहिली, वाकून खाली पाहिलं. ती स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसून राहिली. मग त्याने चपला काढल्या, हातात घेतल्या, पुढच्या सीटवर बसला, मांडी घातली आणि वरून पट्टा लावला. मोठ्या माणसाने गाडीत मांडी घालून बसणं किती विचित्र दिसतं म्हणून सांगू! सिग्नलला शेजारच्या रिक्षातली माणसं वाकून बघत होती. पोरीने एकदा त्याच्या पायांकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. 

बाजाराचा चौक आला. डावीकडून एक मोटरसायकलवाला मधेच घुसला, अगदी अंगावर. मी मागून किंचाळले. मास्तरने दोन्ही हातांनी स्वतःचे तळवे घट्ट धरले आणि ओठ मिटले. पोरीने वेळेवर ब्रेक दाबला. मोटरसायकलवाला शिव्या देत निघून गेला, आणि आमच्या डिकीला ओरखडाही आला नाही.

विमानतळावर तिने सामान काढलं, गाडीची चावी बापाच्या हातात दिली आणि म्हणाली, “अधूनमधून फिरवत जा, नाहीतर बॅटरी उतरेल.” मास्तरने मान हलवली, पण उतरेना. मला वाटलं रडतोय की काय. तसं नव्हतं. इतका वेळ अंगाखाली दाबून ठेवलेल्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, पाय हलेनात.

“थांबा, बाबा,” म्हणत पोरीने त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला बाहेर ओढून उभं केलं. तो तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून उभा राहिला, अनवाणी, एका हातात भोकाची चप्पल.

“तुला गाडी येते,” तो तिच्या खांद्यातच म्हणाला.

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. दोघेही हलले नाहीत. पायाच्या मुंग्या इतका वेळ टिकत नाहीत, हे मला माहीत आहे. पण मी सामानापाशी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं.