कच्च्या कॅसेटमधली आत्या

बी.कॉम. झाल्यावर मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही न विचारताच बसवनगुडीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात नाव घालून आले. कोर्सचं नाव डिजिटल मीडिया प्रॉडक्शन. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि बेंगळुरात ज्याला त्याला संगणक शिकायचा होता, पण संगणकावर फिल्म जोडतात हे आमच्या गल्लीत कुणी ऐकलं नव्हतं.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. पेटेत, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते म्हणाले, "हे शिकून करणार काय? लग्नाच्या कॅसेटी?"

"करीन की," मी म्हटलं. टोमणा मारला की मी जास्तच हट्टाला पेटते, हे एव्हाना त्यांना कळायला हवं होतं.

"सरी, बरं, कर," म्हणून त्यांनी पेपर उघडला.

कॉलेज म्हणजे एका शाळेच्या मागच्या बाजूच्या दोन खोल्या. एकीत बाकं आणि टीव्ही, दुसरीत तीन संगणक आणि एसी. एसी संगणकांसाठी होता, आम्ही शाली घेऊन कुडकुडत बसायचो. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्याने बोलायचं नाही. एखादं दृश्य दुसऱ्यात विरघळवायचं असलं तर मशीन इतका वेळ घ्यायचं, की तेवढ्यात कोपऱ्यावर जाऊन एक कॉफी दोघींत, म्हणजे बाय-टू, पिऊन परत यावं.

आमचे सर जुन्या पद्धतीने, कात्रीने फिल्म कापत आलेले. त्यांचा एकच नियम होता. डिस्क लहान, सगळ्यांचं सगळं त्यात मावणार नाही. तेव्हा आधी साध्या टीव्हीवर पूर्ण कॅसेट बघायची, काय हवं ते ठरवायचं, आणि तेवढंच संगणकात घ्यायचं. मला वाटायचं, मशीनवर बसलं की शिकणं सुरू. सरांच्या मते तोवर निम्मं झालेलं असायला हवं.

परीक्षेचं काम होतं घरातली एखादी न कापलेली कॅसेट आणून तिची पाच मिनिटांची फिल्म करणं. आमच्याकडे दादाच्या लग्नाच्या कच्च्या कॅसेटी होत्या. व्हिडिओवाल्याकडून त्या अण्णांनी हट्टाने मागून घेतल्या होत्या आणि मग कुणी कधी लावल्या नव्हत्या. सजवलेली कॅसेट मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून घासून गेली होती.

मी त्या लावून बसले आणि पहिले दोन दिवस नुसती कंटाळले. जेवणाऱ्यांची तोंडं, आहेराची ताटं, पुन्हा जेवणाऱ्यांची तोंडं. मग मला आत्या दिसली.

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. आई टेलिफोन खात्यात नोकरीला जायची, त्यामुळे दादाला आणि मला आत्यानेच वाढवलं. दादाला तर चौथीपर्यंत तिच्या हातून भात खायची सवय होती. आणि त्याच्या लग्नाच्या सजवलेल्या कॅसेटमध्ये ती कुठेच नव्हती. इतक्या वेळा बघूनही माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

कच्च्या कॅसेटमध्ये ती होती, पण नेहमी निघून जाताना. कल्याण मंडपाच्या स्वयंपाकघरात लाडू मोजून देत असायची, व्हिडिओवाल्याचा मोठा दिवा दारातून आत वळला की ती खांबामागे. नवरीच्या खोलीत वेणी गुंफत असायची, दिवा आला की हातातली फुलं दुसरीच्या ओंजळीत घालून ती बाहेर. कुणी तिला हटकत नव्हतं. दिवा दिसला की तिची तीच सरकायची. मंगलाष्टकं चालू असताना तर ती मंडपात नव्हतीच. शेवटच्या "सावधान"ला कॅमेरा चुकून स्वयंपाकघराच्या दाराकडे फिरला होता. दाराआडून एक हात बाहेर आला आणि त्याने अक्षता टाकल्या. नवरा-नवरी कुठल्या कुठे. अक्षता मधल्या मोकळ्या फरशीवर पडल्या आणि एक वाढपी त्यांच्यावरून चालत गेला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी आले तर आत्या शेंगा सोलत बसली होती.

"दादाच्या लग्नात तू मंडपात का नव्हतीस?"

"होते की. आत काम कोण बघणार?"

"दिवा आला की बाजूला का व्हायचीस मग?"

"डोळ्यांवर येतो गं तो. स्वल्प सरक, उजेड अडतोय."

मी पाच मिनिटं फक्त तिचीच केली. नवरा नाही, नवरी नाही. सरांनी बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "मदुवे एल्ली?" लग्न कुठे आहे? मी म्हटलं, लग्न याच्या पलीकडे चाललंय. त्यांनी फिल्म पुन्हा एकदा पहिल्यापासून लावली. मग म्हणाले, "त्यांना आधी दाखव. त्या नको म्हणाल्या तर पुसून टाकायचं." सगळ्यांच्या फिल्म आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, घरच्यांसमोर दाखवायच्या होत्या. आत्या नको म्हणाली तर माझ्याकडे दाखवायला काही उरणार नव्हतं, पण मला त्याची धास्ती नव्हती. ती आणखी एकदा बाजूला होईल, याची होती.

मी तिला दुपारी कॉलेजात नेलं. चपला काढून, माझी शाल पांघरून ती संगणकासमोर बसली. फिल्म संपली तरी ती हलली नाही.

"पोचल्या नाहीत गं," ती म्हणाली. अक्षतांबद्दल.

मी सांगितलं, की हे सगळ्यांना दाखवणार आहेत, अण्णाही येतील, तुला नको असेल तर आत्ता पुसते. तिने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्यालाही बघू दे."

आयुधपूजेला संगणकांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. मुली प्रत्येक मॉनिटरला हळदीकुंकू लावत होत्या आणि कुंकू कॅसेटच्या फटीत जाऊ नये म्हणून सर तिथे हात आडवा धरून उभे होते. अण्णा दुकानातली पूजा आटपून आले, चुरमुऱ्यांची पुडी घेऊन पहिल्या बाकावर बसले. आत्या सगळ्यात मागे, दाराजवळ.

माझी फिल्म तिसरी होती. सुरुवातीला अण्णा शेजारच्यांना सांगत होते, हा आमच्या मुलाचा मंडप. मग त्यांचं बोलणं थांबलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्या मानेकडे बघत होते. अक्षता फरशीवर पडल्या, फिल्म संपली, चार-दोन टाळ्या वाजल्या.

अण्णा उठले आणि मागे गेले. शाळेच्या त्या बुटक्या बाकावर त्यांचे गुडघे मावेनात, तरी ते आत्याशेजारी बसले. मी भिंतीला टेकून जवळच उभी होते.

"अक्का," ते म्हणाले, "त्या दिवशी सकाळी तुला आत थांब म्हणून मीच सांगितलं होतं. मुलीकडचे काय म्हणतील म्हणून."

हे मला ठाऊक नव्हतं. पण आत्या आता काय म्हणणार हे ठाऊक होतं. अण्णांची कसलीही चूक असो, तिच्या ओठांवर "जाऊ दे रे" तयार असायचं. ती ते म्हणणार आणि सगळं पुन्हा पूर्वीसारखं होणार, म्हणून मला आधीच रडू यायला लागलं.

"हो," आत्या म्हणाली. "तूच सांगितलं होतंस."

आणि पुढे काही बोलली नाही. सरांनी पुढची फिल्म लावली. अण्णा पुडी हातात तशीच धरून, मान खाली घालून तिच्या शेजारी बसून राहिले.