शिवेपलीकडचा गुन्हा

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते माझ्या आत्याचं. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. आमच्याकडे लग्न लावते ती धवलारीण. मांडवात बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात ती एकेक विधी पार पाडते. आत्या धवलारीण. तिच्या गळ्याच्या कमाईवर मी शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो, वकील झालो आणि उल्हासनगरच्या कोर्टात एका वकीलबाईंच्या हाताखाली लागलो.

तिथे अंबरनाथ पूर्वेची एक आई आली. आखातात राहत असताना शेजारच्या माणसाने तिच्या लहान मुलावर अत्याचार केला होता. तक्रार करेपर्यंत तो भारतात पळून आला होता. तो आमच्याच गावचा निघाला.

"तिकडचा गुन्हा तिकडेच नोंदवा ना, मॅडम. हम क्या करेंगे इधर?" पोलीस म्हणाले. वकीलबाईंनी कायद्याचं पान पुढे केलं. भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याचा खटला इथे चालतो. खटल्याला केंद्र सरकारची मंजुरी लागते. गुन्हा नोंदवायला नाही. खेपा घालून घालून शेवटी आम्ही त्यांना गुन्हा नोंदवायला लावला.

अटकेनंतर तो माणूस जामिनावर सुटताच घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं. मांडव पडला की तोंडं बंद होतील, असं त्यांना वाटत होतं. त्याचा काका सुपारी घेऊन आत्याला आमंत्रण द्यायला आला. मी ओटीवरच होतो.

"काय रं वकीलसाहेब, गावचाच पोर गावला का तुला? जा काय झाला ता दर्याच्या पल्याड झाला. आपले शिवंत काय झालाय का?"

आत्या माझ्याकडे वळली. "त्या लेकराचं नाव नको सांगू. खरं हाय का, तवरा सांग."

"ठरवायचं कोर्टाने, आत्या. पण त्या आईवर माझा विश्वास आहे."

तिने सुपारी मागे सारली. "दर्या वलांडला म्हंजे लेकरू लेकरू रहात नाय का? मी नाय गानार."

"मंग या गावान तुला कोन बोलावनार नाय."

"नका बोलावू. गला माजा हाय."

गावची धवलारीण का येत नाही, असं नवरीकडच्यांनी विचारलं, कारण कळलं आणि लग्न मोडलं. गावाने राग आत्यावर काढला. लग्नसराई गेली, एकही सुपारी आली नाही. ती अलिबागला लेकीकडे राहायला गेली. फोनवर ती "जेवलास का?" याच्या पुढे मला बोलू देत नाही. म्हणून मी पत्र लिहिलं. तिची नात तिला वाचून दाखवेल.

"आत्या,

मंजुरी आली. खटला इथेच चालेल. निकाल काय लागेल ते मला सांगता येत नाही, पण त्या आईला आता 'तिकडे जा' असं कुणी म्हणणार नाही. काल तिने तुझी चौकशी केली.

माझं लग्न ठरलंय. मुलीला सगळं सांगितलं आहे. मांडव गावातच घालणार, आपल्या अंगणात. कुणी फिरकलं नाही तरी धवले मोठ्याने म्हण, पार वेशीपर्यंत जाऊ देत.

सोबत सुपारी पाठवतोय. ही परत करू नकोस."