गोजाबाईचं बियाणं

साखरशेतचा हेमंत वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही. बाप जव्हारला कारकून. पोरगा ठाण्यात शिकला आणि परत येऊन नाचणीच्या बिस्किटांची कंपनी काढून बसला. आम्हाला त्याचं कौतुकच होतं. बिस्किटं चहात बुडवली की विरघळायची, पण चवीला बरी होती.

घोडं अडलं भांडवलापाशी. मोठं यंत्र घ्यायला गुंतवणूकदार हवे होते आणि हेमंतचे आकडे ऐकून ते जांभया द्यायचे. ठाण्यात कमलेश नावाचा एक जण नव्या कंपन्यांना सादरीकरण शिकवतो. त्याने हेमंतचं पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड, पाहून कपाळाला हात लावला. "आकडे मागे टाक. पहिल्या स्लाइडवर माणूस आण. त्याची गोष्ट सांग."

माणूस घरातच होता. हेमंतची आत्या, गोजाबाई. पाड्यावरच्या बायका दरवर्षी पेरणीआधी तिच्याकडून नाचणीचं बियाणं न्यायच्या आणि पीक आलं की थोडं वाढवून परत करायच्या. नवरा गेला त्या साली तिच्या घरात खायला दाणा नव्हता. तिने रानातले कडूकंद उकळून दिवस काढले, पण राख लावून ठेवलेल्या बियाण्याला हात लावला नाही. आमच्या पाड्यावर बियाणं खाणं म्हणजे सगळं संपलंच. ज्या हाताने ते खाल्लं, त्या हातचं बी पुन्हा कोणी आपल्या शेतात घालत नाही. गोजाबाईचा सगळा मान एवढ्या एका गोष्टीवर उभा होता.

हेमंतने हे जसंच्या तसं सांगितलं. कमलेश म्हणाला, "छान आहे रे, पण ही बाई तर जिंकलेलीच आहे. हिला तुझ्या कंपनीची गरज काय? ती कुठेतरी मोडली पाहिजे."

मग हेमंतने तिला मोडलं. स्लाइडवर आत्याचा फोटो आणि खाली ओळ: भुकेपोटी तिने पुढच्या वर्षाचं बियाणंही खाल्लं. ती ओळ दोनदा लिहून खोडली, असं तो सांगतो. मला ते खरं वाटतं. पण खोडून काय उपयोग, तिसऱ्यांदा लिहिलीच ना! मुंबईत ऐकायला साखरशेतचं कोण बसलंय, अशी त्याने मनाची समजूत घातली.

गोष्ट ऐकून मुंबईतल्या एका गुंतवणूकदार बाईंनी डोळे पुसले. पैसे देऊ म्हणाल्या, फक्त आधी गोजाबाईंना भेटायचं होतं. आत्याला अगोदर सगळं सांगावं म्हणून हेमंतने कितीदा तरी फोन हातात घेतला. लाजेने दर वेळी परत खिशात ठेवला.

मे संपत आला होता. बाई आणि हेमंत गाडीतून दारात उतरले तेव्हा शेजारची कमू आणि आणखी बायका टोपल्या घेऊन अंगणात बसल्या होत्या, बियाण्यासाठीच. बाईंनी गोजाबाईचे हात हातात घेतले. "मावशी, तुम्हाला बियाणंसुद्धा खावं लागलं ना? काय दिवस काढले असतील तुम्ही!"

गोजाबाईने हेमंतकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. तिला स्लाइड कळत नव्हती की गुंतवणूक, पण भाचा कुठेतरी अडकलाय एवढं कळलं.

"व्हय बाय," ती म्हणाली. "खाल्ला मी बियाना. भूक लय वाईट."

गाडी गेली. कमूने रिकामी टोपली उचलली. हेमंत तिच्या मागे धावला. "कमूकाकी, थांब! आत्यानं नाय खाल्ला. मीच तिकडं खोटा बोललो."

"मंग त्या बायसमोर का नाय बोललास?"

कमू थांबली नाही, टोपली घेऊन घरी गेली.

पैसे आले, यंत्र आलं. हेमंत घरोघर जाऊन खरं सांगत फिरला. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, आत्याची लाज झाकायला बोलतोय, चांगला पोरगा आहे. हे 'चांगला' त्याला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

पेरण्या उरकल्या. गोजाबाईच्या दारात कोणी आलं नाही. एका दुपारी हेमंत तिच्याकडे गेला, पाया पडायचं ठरवूनच. ती चुलीपाशी होती. तो काही बोलायच्या आत तिने त्याच्यापुढे ताटली सरकवली. गरम नाचणीची भाकर आणि चटणी.

"बियान्याची हाय," ती म्हणाली. "कोनी नेत नाय, तं ठेवून किडं लागतील."

"आत्या, मला नको."

"खा रं. तुझा काम झाला ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. ती खरंच विचारत होती. हेमंतने मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा मोडला.