धुरपदाबाईचा म्हसोबा

धुरपदाबाईला देव नको होता, ब्रेकर हवा होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आज फाट्यावर विचाराल तर जो तो भलतंच काहीतरी सांगेल.

एरंडोलहून धुळ्याकडे निघालं की फाट्यावर, मोठ्या रस्त्याला लागून तिची केळ्यांची हातगाडी. गाव रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. मुलगा-सून सुरतेला कारखान्यात, अन् नात डिंपल आजीपाशी. पूर्वी हा रस्ता एवढासा होता, मधोमध कुत्री झोपायची. तो चौपदरी झाला अन् गाड्या अशा सुटल्या की काय विचारता! धुरपदाबाई रोज नातीचं मनगट धरून तिला पलीकडे सोडायची. पण बाईचे गुडघे गेले. रस्त्याच्या मध्यावर आलं की पाय पुढेही पडेना अन् मागेही वळेना. आता पोरगी एकटी जाणार, या धास्तीने तिला अन्न गोड लागेना.

गाड्या हळू व्हाव्यात म्हणून रस्त्यावर ब्रेकर मागायला ती सरपंच हितेंद्रकडे गेली. तो म्हणाला, "अक्का, हाऊ रस्ता आपला नही. दिल्लीना शे."

"मना दारपुढे शे, अन् दिल्लीना कसा रे?"

 हितेंद्रलाही ते नीटसं ठाऊक नव्हतं. त्याने तिला जळगावला रस्त्याच्या ऑफिसात पाठवलं. तिथला साहेब तसा भला. त्याने पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, अन् समजावून सांगितलं, "बाई, जागा अपघाताची आहे असं ठरल्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही."

"मंग ठरवा ना, साहेब."

"त्याला अपघात व्हावे लागतात. माणसं जावी लागतात."

"एक म्हैस गयेल शे. आमना गावना झुलालना पाय मोडेल शे."

"म्हैस धरत नाहीत," साहेब हळहळून म्हणाला.

एस्टीत बसल्यावर बाई विचारात पडली. साहेब नाही म्हणाला, की काय केलं म्हणजे होईल ते सांगत होता? म्हणजे आधी डिंपल जायची अन् मग ब्रेकर यायचा? तो पडायचा तरी कोणासाठी मग? तिने शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "आमदारले सांगा." अहो, सांगायला आमदार थांबला तर पाहिजे! भाऊसाहेबांच्या काळ्या काचांच्या गाड्या फाट्यावरून जायच्या त्या ट्रकपेक्षाही जोरात. एकदा हिने हात केला, तर आतून कोणीतरी हात हलवला. राम राम झाला, काम राहिलं.

तेव्हा तिला सुचलं ते आपल्याकडच्या माणसालाच सुचावं. ट्रकवाला जित्या माणसाला ब्रेक मारत नाही, पण शेंदूर दिसला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. घाटात नाही का, म्हसोबापाशी गाडी हळू करून हात जोडतात! बाईने दुभाजकालगत पडलेला एक धोंडा बघितला, तेल-शेंदूर फासला, नारळ फोडला अन् एक लाल फडकं काठीला बांधलं. झाला म्हसोबा.

अन् बघा, लागू पडला! ट्रक हळू व्हायला लागले. क्लीनर खिडकीतून हात जोडायचे. त्या अवसरात डिंपल पलीकडे पोचायची. कितीतरी दिवसांनी बाई पोटभर जेवली.

पण शेंदूर लागला की भाऊगर्दी आलीच. कोणी नवस बोललं, कोणाला गुण आला. निवडणूक तोंडावर होती, तेव्हा भाऊसाहेबांनाही या म्हसोबाची ओढ लागली. ते आले. ढोल वाजले. पोलिसांनी दोन्हीकडची वाहतूक अडवली, अन् रस्ता अंगणासारखा मोकळा पडला. धुरपदाबाई बघतच राहिली. म्हणजे गाड्या थांबवता येतात तर!

भाऊसाहेबांनी धोंड्यापुढे डोकं टेकलं अन् माइकवर म्हणाले, "देवा, या फाट्यावरच्या लेकरांना सांभाळ! उघड्यावर बसलेला देव शोभत नाही. मी इथे सभामंडप देतो!"

टाळ्या पडल्या. बाईला वाटलं, जे मी यांच्याकडे मागायचं, ते हे धोंड्याकडे मागतात? ती गर्दीत घुसली अन् ओरडली, "ओ भाऊ, हाऊ देव नही! दगड शे दगड! शेंदूर मीच लावेल शे! माले ब्रेकर पाहिजे!"

 मग कोणीतरी म्हणालं, "धुरपदामायच्या अंगात आलं!" झालं. बायकांनी तिच्या कपाळी कुंकू थापलं, गळ्यात हार घातला. अन् भाऊसाहेब, काय सांगू, तिच्या पाया पडले. हळूच म्हणाले, "माय, यंदा निवडून येईन ना?"

बाईच्या मनात आलं, खरं बोललं की अंगात येतं, अन् खोटा शेंदूर लावला की देव होतो, हे कुठलं जग म्हणायचं?

ब्रेकर दिल्लीचा होता, मंडप भाऊसाहेबांचा. तो दिवाळीच्या आत उभा राहिला. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! वाजतगाजत धोंडा उचलून रस्त्यापासून चांगला आत, फरशीवर नेऊन बसवला. रस्त्यावरून आता काही दिसेना. ट्रक पुन्हा पहिल्यासारखे सुसाट.

सोमवारी सकाळी डिंपल दप्तर घेऊन निघाली. कडेला थांबली, मंडपाकडे तोंड करून हात जोडले, डोळे मिटले, अन् तशीच वळून चालू लागली. धुरपदाबाईने हातगाडी सोडून झेप घेतली अन् हाताला लागली ती वेणी धरून तिला मागे खेचलं. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. दोघी मातीत बसल्या.

"डोळा मिटीसन कोठे चालनी व्हतीस व माय?"

पोरगी रडत रडत म्हणाली, "देव देखस ना, आजी. मंग मी कसाले देखू?"

तो दगड आहे, हे बाईने साऱ्या गावापुढे ओरडून सांगितलं होतं. पोरीपुढे ते तोंडातून निघेना. देव नाही म्हटलं, तर या रस्त्यावर पोरीचं म्हणून उरतं कोण? तिने डिंपलच्या फ्रॉकची माती झटकली, डोळे पुसले.

"तो म्हातारा व्हई गया, बाई," ती म्हणाली. "त्याले आते दिसत नही. तूच देख."